एकापुढे एक, एकोणीस वेळा

बरगीच्या धरणाला एकवीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात नर्मदा फुगली की जबलपूरच्या वर्तमानपत्रांत त्यांचा हिशेब छापून येतो. किती उघडले, किती उचलले, किती पाणी सोडले. एकवीसच्या एकवीस उघडले तर त्यांचे सात-सातचे तीन गट पडतात, पंधरा उघडले तर पाच-पाचचे तीन. तेरा किंवा एकोणीस उघडले तर मात्र सारखी वाटणी होत नाही. दोन-दोन घ्या, तीन-तीन घ्या, काहीतरी उरतेच. मूळ संख्या म्हणजे एवढेच: एकाहून मोठी अशी संख्या, जिला एक आणि ती स्वतः सोडून निःशेष भागणारे कोणी नाही. पाचवीतल्या मुलाला हे दहा मिनिटांत कळते. अडचण सुरू होते ती संख्या मोठी झाली की. एखादी संख्या मूळ नाही हे दाखवायला बहुतेक वेळा एक विभाजक पुढे केला की काम भागते. ती मूळ आहे असे म्हणायचे तर विभाजक कुठेच नाही हे सिद्ध करावे लागते, आणि नसलेल्या गोष्टीचा पुरावा देणे कोर्टात जितके जिकिरीचे तितकेच गणितातही.

या पुस्तिकेचा विषय अशी एकच मोठी मूळ संख्या आहे. लिहायला ती अगदी सोपी, एकापुढे एक असे एकोणीस वेळा: ११,११,११,११,११,११,११,११,१११. वाचायला मात्र अवघड. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दशपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आपल्या संख्येला स्थाने एकोणीस, म्हणजे डावीकडचा शेवटचा एक परार्धाच्याही पलीकडे जाऊन बसतो. त्याच्या जागेला त्या यादीत नाव नाही. ‘अकरा परार्ध, एक मध्य, एक अंत्य’ असे म्हणत खाली उतरावे लागते.

मोठी मूळ संख्या म्हटले की हल्ली विक्रमाची बातमी आठवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्यूरंट यांनी शोधलेली संख्या जाहीर झाली: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात, त्यातून एक वजा. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला दोन हजार अंक धरले तरी छापायला वीस हजारांवर पाने लागतील. अशा संख्येचे कौतुक जरूर करावे, पण तिच्याशी वाचकाला हाताने काही करता येत नाही. एकोणीस एकांची संख्या शाळेच्या वहीच्या एका ओळीत मावते, आणि तिच्यावर चालणाऱ्या बऱ्याच युक्त्या पेन्सिलीने करून पाहता येतात. जबलपूरकडच्या मराठी घरांतली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, शाळेत ‘अभाज्य’ म्हणतात आणि घरी आजोबांकडून ‘मूळ’ ऐकतात. मी दुसरा शब्द घेतला आहे, एवढे सांगून पुढे जातो.

ही संख्या निवडण्याचे खरे कारण देवळालीचे आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले, ठाण्याला शाळा शिकले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली पदवी घेतली, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीत शाळामास्तरकी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. ६१७४ या अंकामुळे त्यांचे नाव जगभर गेले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तोवर आपल्याकडच्या पुष्कळ गणितज्ञांनी हे काम पोरखेळात जमा केले होते. ६१७४ ची जादू इतक्यांदा छापून आली आहे की या पुस्तिकेत ती घेतलेली नाही. इथे हवे आहेत ते कापरेकरांचे डेम्लो अंक.

हे नाव एका रेल्वे स्थानकाचे. मुंबईपासून तीसेक मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर डेम्लो स्थानक होते, म्हणजेच आजचे डोंबिवली. तिथे त्यांना हे अंक सुचले आणि स्थानकाचे नाव अंकांना चिकटले. बरगीलाही स्थानक आहे. जबलपूरहून नैनपूरमार्गे गोंदियाला जाणाऱ्या, एके काळी नॅरोगेज असलेल्या मार्गावरचे. छोट्या गाडीच्या त्या काळात इथेही बाकावर बसून आकडेमोड करायला वेळ भरपूर असणार. ‘बरगी अंक’ अजून कोणी काढलेले नाहीत, जागा मोकळी आहे.

डेम्लो अंकाचे रूप साधे आहे. १६६६५ घ्या: डावीकडे १, उजवीकडे ५, आणि मधे त्यांची बेरीज ६ पुन्हा पुन्हा. २५५३ हाही तसाच: २ आणि ३, मधे दोन पाच. गुणाकार मांडून पाहिला की गुपित उघडे पडते. १५ गुणिले ११११ म्हणजे १६६६५, आणि २३ गुणिले १११ म्हणजे २५५३. सगळ्या डेम्लो अंकांच्या पोटात एकांची रांग दडलेली असते. १५ ला आपल्या संख्येने गुणा: डावीकडे एक, उजवीकडे पाच आणि मधे अठरा सहा. ज्यांना कापरेकर ‘अद्भुत’ डेम्लो म्हणत ते तर एकांच्या रांगांचे सरळ वर्ग आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असे करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला हातचा येतो आणि मनोरा ढासळतो. एकोणीस एकांचा वर्ग सदतीस अंकी येतो: १२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१. मोडलेला असला तरी त्यात शिस्त आहे. चढताना आठ गायब आहे, उतरताना मात्र तो हजर आहे.

आता टीकाकारांचे म्हणणे ऐकायला हवे, कारण ते अगदीच खोटे नाही. त्यांचा मुद्दा असा की हे सारे दहाच्या पायावर लिहिण्याच्या आपल्या सवयीचे गुण आहेत, संख्येचे नव्हेत. आपल्याला बोटे आठ असती तर १२३२१ चे काय झाले असते? बरोबर आहे. मूळ असणे हा संख्येचा गुण, मग ती कुठल्याही पायावर लिहा, खडूने लिहा की संगणकात साठवा. एकोणीस एकांची रांग दिसणे हा लिखाणाचा गुण. माझे म्हणणे इतकेच की या संख्येच्या बाबतीत लिखाणाच्या गुणानेच संख्येच्या गुणाची किल्ली हाती दिली. एरवी अठरा-एकोणीस अंकी संख्या मूळ आहे हे शंभर वर्षांपूर्वी कागदावर सिद्ध करायला कोणी धजला नसता.

पहिले पाऊल कोणालाही टाकता येईल. एकांच्या रांगेची लांबी विभाज्य असेल तर रांगही विभाज्य. १,११,१११ म्हणजे १११ गुणिले १००१, कारण सहा एकांचे तीन-तीनचे दोन तुकडे पडतात. म्हणजे मूळ संख्या हवी तर लांबी आधी मूळ हवी. मग मनात येते की उलटही खरे असेल, लांबी मूळ तर रांगही मूळ. दोन एकांना, म्हणजे ११ ला, ते लागू पडते आणि आशा वाढते. पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा एक २१,६४९ आणि ५,१३,२३९ यांच्यात फुटतात. तेरा एकांना ५३, ७९ आणि २६,५३,७१,६५३ असे तीन विभाजक आहेत. सतरा एकांचे तुकडे २०,७१,७२३ आणि ५,३६,३२,२२,३५७, आणि ते हाताने शोधायला निघालेल्या माणसाला दीर्घायुष्य लाभो. इथवर आलेला शहाणा माणूस प्रयत्न सोडून देईल. त्याच्या पुढची मूळ लांबी १९.

रांग फुटते ती कोणत्या संख्यांनी, हे पाहण्यासाठी पाच एकांपाशी जरा थांबू. ४१ ने १ ला भागा: ०.०२४३९०२४३९… पाच अंकांचे आवर्तन. २७१ ने भागा: ०.००३६९००३६९… पुन्हा पाच. ही सहज जुळलेली गोष्ट नव्हे. ४१ गुणिले २७१ म्हणजे ११,१११, त्याची नऊपट ९९,९९९, म्हणून १/४१ हा अपूर्णांक २४३९/९९,९९९ असा लिहिता येतो, आणि २४३९ म्हणजे २७१ ची नऊपट. तसेच ३६९ ही ४१ ची नऊपट. एकाच्या आवर्तनात दुसरा लपलेला आहे. शाळेच्या पुस्तकात आवर्ती दशांश शिकवून सोडून देतात आणि हा खजिना तिथेच राहतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

हाच विचार एकोणीसला लावा. समजा एखादी मूळ संख्या आपल्या रांगेला भागते. तिने १ ला भागले तर आवर्तनाची लांबी एकोणीसला भागणारी हवी, म्हणजे एक किंवा एकोणीस. एका अंकाचे आवर्तन देणारी मूळ संख्या फक्त ३, आणि ३ इथे चालत नाही कारण अंकांची बेरीज १९ येते. उरली लांबी १९. दुसरीकडे, फर्मा यांच्या नियमाने ही लांबी ‘विभाजक वजा एक’ला निःशेष भागते. तो विभाजक विषम असल्याने ‘वजा एक’ सम येणार, म्हणून ही वजाबाकी ३८ च्या पाढ्यातली हवी. निष्कर्ष असा की रांगेला कोणी भागत असेल तर तो ३८ च्या पाढ्यापेक्षा एकाने जास्त असलेला अंक असणार: ३९, ७७, ११५, १५३, १९१, २२९… पहिले चार स्वतःच विभाज्य, म्हणून खरी तपासणी १९१ पासून. युक्ती सोपी: १ पासून सुरुवात, दर वेळी दहाने गुणून एक मिळवायचा आणि १९१ ने भागून बाकी ठेवायची. एकोणिसाव्या पायरीला बाकी ८४. म्हणजे १९१ बाद. २२९ ने करून पाहिले तर बाकी १८०, तोही बाद. ही दोन उदाहरणे पुस्तिकेत पायरीपायरीने मांडली आहेत आणि माझी विनंती आहे की वाचकाने ती वाचू नयेत, स्वतः करावीत.

अर्थात असे करत शेवटपर्यंत जाता येणार नाही. संख्येचे वर्गमूळ सुमारे एकशे पाच कोटी चाळीस लाख, आणि तिथपर्यंत ३८ च्या पाढ्याशेजारचे अंक पावणेतीन कोटींच्या वर भरतात. ऑस्कर हॉप्पे यांनी या संख्येची सिद्धता लंडनच्या मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे मांडली ती १९१७-१८ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना. तेव्हा यांत्रिक गणकापलीकडे साधन नव्हते. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९२९ पर्यंत, तेवीस एकांची रांगही मूळ ठरली.

आज हीच सिद्धता छोट्या संगणकावर निमिषात होते, आणि त्याच्या मुळाशी असलेले निरीक्षण मला साऱ्या पुस्तिकेतले सर्वांत देखणे वाटते. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये एक वाट दाखवली आणि पुढे डी. एच. लेहमर यांनी ती रुंद केली: एखाद्या संख्येतून एक वजा करून जे उरते त्याचे सगळे मूळ विभाजक माहीत असतील, तर ती संख्या मूळ आहे की नाही हे थोड्या घातांकी गणिताने ठामपणे ठरवता येते. सर्वसाधारण मोठ्या संख्येत हीच तर अडचण, ‘वजा एक’चे विभाजक शोधणेही तितकेच बिकट. एकांच्या रांगेतून मात्र एक वजा केला की शेवटी शून्य येते, म्हणजे उरते ती अठरा एकांची रांग गुणिले दहा. आणि अठरा ही लांबी तर भरपूर फुटणारी! अठरा एक म्हणजे नऊ एक गुणिले १,००,००,००,००१, आणि हे दोन्ही पटापट मोकळे होतात. सगळे मिळून विभाजक असे: २, ३ दोनदा, ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२,५७९ आणि ३,३३,६६७. परार्धापलीकडच्या संख्येच्या शेजारणीचे सारे घटक एका ओळीत बसले, आणि सर्वांत मोठाही साडेतीन लाखांच्या आत. दहाच्या पायावरचे लिखाण ही निव्वळ सवय असेल, पण या सवयीने इथे गणिताला खांदा दिला.

आवर्तनाच्या त्याच युक्तिवादातून आणखी एक गुण निघतो. ज्या मूळ संख्येने १ ला भागले असता बरोबर एकोणीस अंकांचे आवर्तन येते अशी संख्या जगात एकच, ती म्हणजे हीच. आवर्तनही कसले, तर अठरा शून्ये आणि एक नऊ. असा एकटेपणा फार थोड्या मूळ संख्यांच्या वाट्याला येतो. तीन अंकांच्या आवर्तनाला ३७ एकटी, चार अंकांच्या आवर्तनाला १०१. पाच अंकांचे आवर्तन मात्र ४१ आणि २७१ अशा दोघींना वाटून घ्यावे लागते.

कापरेकरांची स्वयंभू संख्यांची कसोटीही मी इथे लावून पाहिली. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते: २१ मध्ये ३ मिळवले की २४. कोणत्याही संख्येपासून अशी जन्मत नाही ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०, ३१, ४२, ५३, आणि यांपैकी ३१ व ५३ मूळही आहेत. आपली संख्या स्वयंभू असती तर मला आवडले असते. पण तिला जनक आहे, आणि एकच आहे: सोळा एक आणि पुढे ०७९. त्याच्या अंकांची बेरीज ३२, ती मिळवली की एकोणीस एक पुरे होतात. जनक शोधायला पाढ्यांपलीकडे काही लागत नाही, नऊने भागल्यावर काय उरायला हवे एवढे पाहिले की वेचक अंक तपासायचे राहतात. हर्षद संख्यांशी मात्र या संख्येचे जमत नाही. अंकांच्या बेरजेने भाग जाणे ही हर्षदची अट, आणि मोठी मूळ संख्या एकोणीसने कशी भागली जाणार? नऊ एकांची रांग मात्र हर्षद आहे, तिला नऊने भागले की येते १,२३,४५,६७९.

ज्यांना हा सगळा दहाचा खेळ अजूनही परका वाटतो त्यांनी वर सांगितलेल्या २०२४ च्या विक्रमी संख्येकडे पुन्हा पाहावे. दोनाच्या घातातून एक वजा केलेली संख्या दोनाच्या पायावर लिहिली तर काय दिसते? नुसते एक, तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस एक. मर्सेन संख्या म्हणतात त्या सगळ्या द्विमान पद्धतीतल्या एकांच्या रांगाच आहेत, आणि तिथेही लांबी मूळ असावी लागते. तिथे ‘अधिक एक’ केले की दोनाचा निखळ घात मिळतो, म्हणून त्यांची कसोटी ‘वजा एक’ऐवजी ‘अधिक एक’वर उभी आहे. दहाच्या पायावर अशी सोय नाही. म्हणूनच आपल्या दशमान रांगांत मूळ संख्या सापडणे आणि सिद्ध होणे फार सावकाश चालले आहे. १९२९ नंतर पुढची सिद्ध व्हायला १९७० चे दशक सरत आले. ती ३१७ एकांची, ह्यू विल्यम्स यांनी सिद्ध केलेली. १९८६ साली, म्हणजे कापरेकर गेले त्याच वर्षी, विल्यम्स आणि हार्वी डबनर यांनी १०३१ एकांच्या रांगेची सिद्धता छापली आणि त्यासाठी त्यांनी १०३० एकांचे मिळतील तितके विभाजक वापरले. ४९,०८१ एकांची रांग बहुधा मूळ असल्याचे डबनर यांना १९९९ मध्ये दिसले होते, ती पुरेपूर सिद्ध झाली २०२२ मध्ये, एलिप्टिक कर्व्हवर आधारलेल्या अगदी वेगळ्या पद्धतीने. २०२१ साली ५७,९४,७७७ आणि ८१,७७,२०७ एकांच्या दोन रांगा सापडल्या. मूळपणाच्या झटपट चाचण्यांतून दोन्ही सुटल्या, पण ‘बहुधा’ हा शब्द त्यांच्या नावापुढून काढण्याइतकी सिद्धता हाताशी नाही. अशा रांगा अनंत आहेत असे बहुतेकांना वाटते. सिद्ध कोणी केलेले नाही.